अबोल मुलाने उभे केलेले व्यासपीठ : न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे



जानेवारी महिना आला की आपल्या जुन्नर-आंबेगावच्या शाळांत भाषणांची गडबड सुरू होते. ३ तारखेला सावित्रीबाईंची जयंती, १२ तारखेला जिजाऊ आणि विवेकानंद, मग प्रजासत्ताक दिन आणि पुढच्या महिन्यात शिवजयंती. शिवनेरी आपल्या डोळ्यांसमोर असल्यामुळे त्या दिवसाचा उत्साह तर विचारूच नका. पण या भाषणांची तयारी कशी होते ते तुम्हालाही ठाऊक आहे. गुरुजी किंवा बाई भाषण लिहून देतात, आई घरी पाठ करून घेते, कुठे आवाज चढवायचा आणि कुठे हात उंचवायचा हेही ठरवून दिलेले असते. मूल तीन मिनिटांत न अडखळता सगळे म्हणून टाकते, टाळ्या घेते आणि खाली उतरते. उतरल्यावर त्याच विषयावर एक साधा प्रश्न विचारून पाहा. बहुतेक वेळा मूल गप्प होते, कारण जे बोलले ते त्याचे नव्हतेच.

आणि वर्गातली उरलेली पस्तीस-चाळीस मुले? ती दर वर्षी टाळ्या वाजवायला असतात.

म्हणून आज तुम्हाला एका माणसाची ओळख करून द्यायची आहे. नाव तुम्ही ऐकलेले आहे, इतिहासाच्या पुस्तकात त्यांचा फोटोही पाहिला आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे. प्रार्थना समाज, विधवाविवाह, सामाजिक परिषद एवढे आपल्याला पाठ असते. पण महाराष्ट्रात तरुणांनी सभेत उभे राहून विचार मांडावा, त्यासाठी त्यांना जागा, श्रोते आणि उत्तेजन मिळावे, म्हणून रानड्यांनी जे केले ते फारसे सांगितले जात नाही. हे आयुष्य वाचताना आपापला वर्ग डोळ्यांसमोर ठेवा, एवढीच विनंती.

अबोल मुलगा

रानड्यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातल्या निफाडला झाला. वडील गोविंदराव पुढे कोल्हापूर संस्थानात नोकरीला गेले, त्यामुळे महादेवाचे बालपण कोल्हापुरात गेले. हा मुलगा अंगाने थोराड, चालीने संथ आणि स्वभावाने फार अबोल होता. चारचौघांत पुढे येऊन बोलणे, चुणचुणीत उत्तर देणे त्याच्या स्वभावातच नव्हते. घरच्यांना, विशेषतः आईला, काळजी वाटायची की एवढ्या मंद दिसणाऱ्या मुलाचे पुढे व्हायचे कसे.

जरा थांबून विचार करा. असा मुलगा आज आपल्या शाळेत असता तर वक्तृत्व स्पर्धेसाठी आपण त्याचे नाव घातले असते का? बहुधा नसते. आपण निवडतो ती धीट मुले, ज्यांना आवाज आहे, जी पाहुण्यांसमोर घाबरत नाहीत. बोलण्याची गरज सगळ्यात जास्त ज्याला आहे, नेमके त्यालाच आपण शेवटच्या बाकावर ठेवतो.

१८५६ च्या सुमारास महादेवाला पुढच्या शिक्षणासाठी मुंबईला एल्फिन्स्टन विद्यालयात पाठवले. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ मध्ये त्याची पहिली प्रवेश परीक्षा झाली. त्या पहिल्याच तुकडीत उत्तीर्ण झालेल्या मोजक्या विद्यार्थ्यांत रानडे होते, त्यांच्याबरोबर पुढे संस्कृतचे मोठे पंडित झालेले रामकृष्ण गोपाळ भांडारकरही होते. १८६२ ला रानडे बी.ए. झाले, १८६४ ला एम.ए. आणि १८६६ ला एल.एल.बी. वाचन एवढे अफाट की तरुणपणीच डोळे बिघडले. पुढे आयुष्यभर त्यांना दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागायचे.

एल्फिन्स्टनमधली विद्यार्थ्यांची सभा

अबोल मुलाला वाचा कुठे फुटली? याचे उत्तर वर्गाबाहेर सापडते.

रानडे मुंबईला येण्याच्या काही वर्षे आधी, १८४८ साली, एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी आणि तरुण शिक्षकांनी मिळून एक सभा काढली होती. साहित्य आणि शास्त्र या दोन्ही विषयांवर विद्यार्थ्यांनी निबंध लिहावेत, ते सगळ्यांसमोर वाचावेत आणि त्यावर चर्चा व्हावी, असा तिचा हेतू. दादाभाई नौरोजी तेव्हा तेविशीच्या आतबाहेर होते आणि या कामात पुढे होते. सभेने लगेच मराठी आणि गुजराती शाखा काढल्या. त्यांना ज्ञानप्रसारक सभा म्हणत. मराठी शाखेचे अध्यक्ष व्याकरणकार दादोबा पांडुरंग होते. इंग्रजी न येणाऱ्या साध्या माणसांना शास्त्र, इतिहास, समाज या विषयांवरचे नवे ज्ञान त्यांच्या भाषेत सांगायचे, हे या शाखांचे काम. एवढ्यावर न थांबता याच तरुणांनी १८४९ मध्ये मुलींच्या शाळा सुरू केल्या आणि सुरुवातीला स्वतःच तिथे शिकवले.

कला आणि शास्त्र हे दोन वेगळे कप्पे आहेत असे या मुलांना वाटत नव्हते, हे लक्षात घ्या. एका आठवड्यात रसायनावर बोलायचे, दुसऱ्या आठवड्यात कवितेवर. आपल्याकडे मात्र विज्ञान प्रदर्शनातले मूल वेगळे आणि वक्तृत्वातले मूल वेगळे अशी वाटणी झाली आहे.

या वातावरणात रानडे वाढले. विद्यार्थी असतानाच, १८५९ च्या सुमारास, त्यांनी ज्ञानप्रसारक सभेपुढे सुशिक्षित तरुणांच्या कर्तव्यांवर निबंध वाचला. तेव्हा ते सतरा-अठरा वर्षांचे होते. म्हणजे आपल्या अकरावी-बारावीतल्या मुलाएवढे.

स्वतःच्या मताची किंमतही त्यांना याच काळात कळली. एका निबंधात त्यांनी मराठ्यांच्या राज्यकारभाराची इंग्रजी राज्याशी तुलना केली आणि मराठ्यांच्या बाजूने लिहिले. कॉलेजचे प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांना ते रुचले नाही. त्यांनी रानड्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद केली. गरजू विद्यार्थ्याला सहा महिन्यांची शिष्यवृत्ती म्हणजे काय ते आपल्याला सांगायला नको. तरी रानड्यांनी मराठ्यांच्या इतिहासाचा नाद सोडला नाही. पुढे चाळीस वर्षांनी, १९०० साली, मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. मराठी राज्य हे लुटारूंचे काम नसून त्यामागे संतांनी घडवलेला समाज उभा होता, हे त्यांनी त्यात पुराव्यानिशी मांडले. शिवनेरीच्या पायथ्याशी शिवजयंतीची भाषणे बसवणाऱ्या आपल्यासारख्यांनी ही गोष्ट मुलांना अवश्य सांगावी. महाराजांविषयी अभिमानाने बोलणे सोपे आहे, अभ्यास करून बोलायला चाळीस वर्षे लागली.

पुण्यात वक्तृत्वोत्तेजक सभा

१८७१ मध्ये रानडे न्यायखात्यात नोकरीला लागून पुण्यात आले. त्याआधी वर्षभर, १८७० मध्ये, गणेश वासुदेव जोशी म्हणजे सार्वजनिक काका यांनी पुणे सार्वजनिक सभा स्थापन केली होती. रानडे सरकारी नोकर असले तरी सभेचा विचार, आकडेवारी, अर्ज, अहवाल यामागे मुख्य डोके त्यांचेच होते.

१८७२-७३ च्या सुमारास त्यांनी पुण्यात देशी व्यापारावर मराठीत व्याख्याने दिली. विषय रूक्षच म्हणायचा. आपला कच्चा माल परदेशी जातो, तयार माल परत येतो, कारागीर उपाशी राहतो, हे त्यांनी समजावून सांगितले. आरडाओरडा नाही, शिव्याशाप नाहीत, नुसती माहिती आणि तिची मांडणी. पण परिणाम पाहा. सार्वजनिक काकांनी स्वदेशीचे व्रत घेतले, हाताने कातलेल्या सुताचे कपडे घालू लागले आणि १८७७ च्या दिल्ली दरबारात सार्वजनिक सभेच्या वतीने तोच साधा खादीचा पोशाख घालून गेले. एका अर्थशास्त्राच्या व्याख्यानाने माणसाचे कपडे बदलले! महात्मा गांधी तेव्हा शाळकरी मुलगा होते.

मग १८७५ साल उजाडले. पुण्यात वक्तृत्वोत्तेजक सभा सुरू झाली आणि तिच्यातर्फे उन्हाळ्यात व्याख्यानांची माळ गुंफली जाऊ लागली. हीच पुढे वसंत व्याख्यानमाला म्हणून प्रसिद्ध झाली. हिराबागेत या सभा भरत. सभेच्या नावातच तिचे काम आहे. वक्तृत्वाला उत्तेजन द्यायचे. तरुणांनी अभ्यास करून बोलावे, चांगले बोलणाऱ्याला बक्षीस मिळावे आणि जाणत्या लोकांनी समोर बसून ऐकावे. इतक्या वर्षांनंतर अजूनही पुण्यात उन्हाळ्यात वसंत व्याख्यानमाला भरते. पुढे महाराष्ट्रात गावोगावी व्याख्यानमाला निघाल्या, त्यांच्या घराण्याचा मूळपुरुष ही हिराबागेतली सभा.

रानडे स्वतः फर्डे वक्ते होते का? रूढ अर्थाने नव्हते. आवाजात गोडवा नव्हता, हातवारे नव्हते, श्रोत्यांना हसवायची किंवा रडवायची हौस नव्हती. ते संथपणे, एकेक मुद्दा मांडत बोलायचे. तरी लोक ऐकायचे, कारण माणूस काहीतरी सांगतोय, आपल्या माहितीत भर पडतेय, हे कळायचे. आपल्या स्पर्धांच्या गुणपत्रिकेत आवाज, हावभाव, पाठांतर, सभाधीटपणा यांना गुण असतात. त्या तक्त्यावर रानड्यांना किती गुण पडले असते, हा विचार परीक्षकाच्या खुर्चीत बसताना मनात आणून पाहा.

विरोधी मताच्या माणसासाठीही जागा

१८७५ सालीच स्वामी दयानंद सरस्वती पुण्यात आले. त्यांची व्याख्याने घडवून आणण्यात रानडे पुढे होते. दयानंदांची सगळी मते रानड्यांना पटत होती असे नाही, पण लोकांनी ती ऐकावीत असे त्यांना वाटे. सप्टेंबरात दयानंदांची मिरवणूक निघाली तेव्हा विरोधकांनी टवाळी केली, चिखल उडवला. त्या मिरवणुकीत रानडे चालत होते आणि त्यांच्या पाठिंब्याला महात्मा जोतीराव फुले आपल्या माणसांसह आले होते.

१८७८ मध्ये लोकहितवादी आणि रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात मराठी ग्रंथकारांची सभा भरली. आजच्या मराठी साहित्य संमेलनाची ती सुरुवात. १८८५ ला पुन्हा सभा भरायची होती तेव्हा जोतीरावांनाही निमंत्रण गेले. जोतीरावांनी येण्यास स्वच्छ नकार दिला आणि कारणही कळवले. ज्यांच्या लेखनात शूद्रातिशूद्रांच्या दुःखाला जागा नाही, त्यांच्या सभेशी आमचे जुळायचे नाही, असा त्यांच्या पत्राचा आशय होता. त्याच वर्षी इशारा नावाची छोटी पुस्तिका लिहून जोतीरावांनी शेतकऱ्यांच्या स्थितीबद्दल रानड्यांनी मांडलेल्या मतांना उत्तर दिले.

इथे आपण जुन्नरकर-आंबेगावकरांनी थांबायला हवे. कारण हिराबागेतल्या सभांना जाणारे श्रोते बहुतेक शहरातले, शिकलेले, वरच्या जातींतले होते. शेतावर राबणारा कुणबी, माळी, डोंगरातला महादेव कोळी तिथे बोलायला उभा नव्हता. जोतीरावांचा आक्षेप नेमका तोच होता. सत्यशोधक समाज १८७३ ला पुण्यात स्थापन झाला आणि १८८० च्या दशकात आपल्या जुन्नर-ओतूर भागात तो चांगला रुजला. इथल्या शेतकऱ्यांनी धार्मिक विधी आणि सावकारी यांविषयी प्रश्न विचारायला सुरुवात केली. म्हणजे बोलायचे व्यासपीठ त्यांनी आपले आपण तयार केले.

रानड्यांचे मोठेपण सांगताना ही बाजू झाकायची गरज नाही. उलट यातूनच आपल्याला कामाचा प्रश्न मिळतो. व्यासपीठ तयार करणे हे अर्धे काम झाले, त्यावर कोण चढते हे पाहणे उरलेले अर्धे. आपल्या शाळेत दर वर्षी माईकसमोर कोण उभे राहते, याची यादी काढून बघा. वाडीवस्तीवरून चालत येणारी मुलगी, ऊसतोड मजुराचा मुलगा, मेंढपाळाचा मुलगा त्या यादीत आहे का?

घरातले व्यासपीठ : रमाबाई

रानड्यांच्या आयुष्यातली एक गोष्ट पालकांनी तर जरूर वाचावी. १८७३ मध्ये त्यांची पहिली पत्नी वारली. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या रानड्यांनी विधवेशी लग्न करावे अशी सुधारकांची अपेक्षा होती. पण वडिलांच्या आग्रहापुढे ते नमले आणि त्याच वर्षी अकरा वर्षांच्या रमाबाईंशी त्यांचे लग्न झाले. रानडे एकतीस वर्षांचे होते. लोकांनी टीका केली आणि ती योग्यच होती.

लग्न झाले तेव्हा रमाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. रानड्यांनी पाटी-पेन्सिल देऊन शिकवायला सुरुवात केली. मराठी झाले, मग इंग्रजी सुरू झाले. घरातल्या थोरल्या बायकांना हे मुळीच खपत नव्हते. टोमणे, अबोला, कामाचा बोजा, सगळे रमाबाईंनी सोसले. नवऱ्याचे डोळे अधू असल्यामुळे वर्तमानपत्रे, पुस्तके, कागदपत्रे वाचून दाखवायचे काम त्यांच्याकडे आले आणि त्यातून त्यांचे वाचन वाढत गेले.

१८८४ मध्ये पुण्यात मुलींच्या हायस्कुलासाठी खटपट चालली होती. गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यापुढे ही मागणी मांडायची होती आणि रमाबाईंनी भरसभेत उभे राहून इंग्रजीत ती वाचून दाखवली. वय अवघे बावीस. घरी आल्यावर बायकांनी त्यांना फाडून खाल्ले. पण शाळा निघाली. हीच हुजूरपागा. पुढे रमाबाई उत्तम बोलू लागल्या. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभे करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९१० साली त्यांनी लिहिलेल्या आठवणी आजही मराठीतल्या उत्तम आत्मचरित्रांत गणल्या जातात.

यात शिकवण्याचा क्रम पाहा. आधी वाचन, मग दुसऱ्याला वाचून दाखवणे, मग लिहिलेले सभेत वाचणे आणि शेवटी स्वतःचे बोलणे. पायऱ्या एकेक करून चढल्या. आपण मात्र मुलाला पहिल्याच दिवशी शेवटच्या पायरीवर उभे करतो आणि ते घाबरले की त्याच्या अंगात हे नाहीच असे ठरवून मोकळे होतो.

गोखल्यांची तालीम

दुसरा विद्यार्थी गोपाळ कृष्ण गोखले. विशीतल्या गोखल्यांना रानड्यांनी हाताशी धरले आणि अनेक वर्षे सार्वजनिक कामाची तालीम दिली. ही तालीम भाषणबाजीची नव्हती. सरकारी अहवाल वाचायचे, आकडे काढायचे, ते पुन्हा तपासायचे, टिपण लिहून दाखवायचे, चूक निघाली की परत लिहायचे. रानडे सहज खूश होणारे गुरू नव्हते. १८९७ मध्ये गोखले विलायतेत वेल्बी आयोगापुढे हिंदुस्थानच्या खर्चाविषयी साक्ष द्यायला गेले, तेव्हा ही सगळी मेहनत कामी आली. पुढे कायदेमंडळात अर्थसंकल्पावर गोखले बोलायला उभे राहिले की सरकारी सभासदही कान देऊन ऐकत. महात्मा गांधींनी ज्यांना आपले राजकीय गुरू मानले ते हेच गोखले. गोखले आणि रमाबाई, रानड्यांचे हे दोन विद्यार्थी स्वतःचे, तपासून घेतलेले बोलणारे निघाले, हे व्याख्यानमालेइतकेच मोठे काम आहे.

अपमान, माघार आणि शेवटचे भाषण

रानड्यांना सगळे सोपे गेले असे नाही. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाच्या वेळी सरकारला त्यांचाही संशय आला. त्यांची बदली धुळ्याला झाली, पत्रांवर नजर ठेवली गेली. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमानंतर घेतलेल्या चहावरून सनातन्यांनी वादळ उठवले. रानड्यांनी शेवटी प्रायश्चित्त घेतले आणि सुधारकांचाही राग ओढवून घेतला. १८९५ मध्ये पुण्याला काँग्रेसचे अधिवेशन भरले तेव्हा त्याच मंडपात सामाजिक परिषद भरवायला विरोध झाला. रानड्यांनी भांडण वाढवले नाही, परिषद दुसऱ्या जागी भरवली.

१८९३ मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले, तरी देशी भाषांना विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात जागा मिळावी यासाठीची त्यांची खटपट चालूच होती. मोठा विचार आपल्या भाषेत मांडता आला पाहिजे, हा त्यांचा आग्रह ज्ञानप्रसारक सभेपासून शेवटपर्यंत टिकला.

डिसेंबर १९०० मध्ये लाहोरला सामाजिक परिषद होती. रानड्यांनी भाषण लिहून तयार केले होते, विषय वसिष्ठ आणि विश्वामित्र. पण प्रकृती इतकी बिघडली की प्रवास शक्यच नव्हता. ते भाषण गोखल्यांनी लाहोरला वाचून दाखवले. काही दिवसांनी, १६ जानेवारी १९०१ रोजी, रानडे गेले. एकोणसाठावा वाढदिवस दोन दिवसांवर होता. ज्याने दुसऱ्यांना बोलते केले, त्याचे शेवटचे भाषण त्याच्या विद्यार्थ्याच्या तोंडून ऐकले गेले. शिक्षकाला याहून मोठे काय हवे असते!

आपल्या शाळेत काय करता येईल

आता तुमच्या-माझ्या शाळेकडे येऊ. हिराबाग आपल्याकडे नाही, पण रोजचा परिपाठ आहे. त्यातली तीन मिनिटे मुलांना द्या. काही गोष्टी करून पाहण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट, विषय गावातला द्या. आपल्या दोन तालुक्यांत विषयांना तोटा नाही. खोडदला महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपतात. या तबकड्या भरीव पत्र्याच्या न करता तारांच्या जाळीच्या का केल्या असतील, हा प्रश्न सातवीच्या मुलाला देऊन पाहा. नाणेघाटातल्या सातवाहनांच्या शिलालेखात आपल्या अंकांची फार जुनी रूपे कोरलेली आहेत. तिथला अंक आणि वहीतला अंक फळ्यावर शेजारी शेजारी काढून मूल छान बोलू शकते. नारायणगावात पाडव्याच्या सुमारास तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे यात्रेकरी सुपारी द्यायला येतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांसारखी थोर कलावंत याच मातीतली. आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात हिरडा गोळा करणारी आजी त्याच्या प्रतींविषयी जे जाणते ते कुठल्याच पुस्तकात नाही. डिंभे धरणाखाली गेलेले जुने आंबेगाव आठवणारी माणसे अजून आहेत. मुलांना त्यांच्याकडे पाठवा.

दुसरी गोष्ट, भाषण लिहून देऊ नका. मुलाला फक्त तीन प्रश्न द्या. तू काय पाहिलेस? ते तसे का असेल असे तुला वाटते? आणि तुला अजून काय कळले नाही? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देणाऱ्या मुलाला जास्त शाबासकी द्या.

तिसरी गोष्ट, बोलून झाल्यावर ऐकणाऱ्यांपैकी दोघांनी प्रश्न विचारायचे, असा नियमच करा. त्यामुळे टाळ्या वाजवणारी मुले ऐकू लागतात. उत्तर आले नाही तर ते उद्या शोधून सांगायचे. त्यात कमीपणा काही नाही.

चौथी गोष्ट, हजेरीपटाच्या क्रमाने बोलवा. जो अडखळतो त्याने पहिल्यांदा मित्राला वाचून दाखवावे, मग गटात, मग वर्गात. रमाबाईंच्या पायऱ्या लक्षात ठेवा. घरी मावळी किंवा ठाकरी बोलणारे मूल त्याच बोलीत बोलले तर मध्येच शुद्ध करत बसू नका. विचार पुरा होऊ द्या, भाषा मागाहून सुधारते.

पाचवी गोष्ट पालकांसाठी. रात्री जेवताना मुलाला पाच मिनिटे बोलू द्या आणि मोबाइल बाजूला ठेवून ऐका. बोलणाऱ्याला सगळ्यात आधी ऐकणारा लागतो.

आणि एक सुचवणे. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन आणि लगेच २८ तारखेला राष्ट्रीय विज्ञान दिन येतो. विज्ञान दिनाला खोडदच्या दुर्बीण केंद्रात मोठे प्रदर्शन भरते, परिसरातल्या शाळांची मुले आपापली उपकरणे घेऊन तिथे मांडतात. आपल्या शाळेत हे दोन दिवस जोडून घेता येतील. पहिल्या दिवशी विज्ञानाच्या प्रयोगावर मराठीत बोलायचे, दुसऱ्या दिवशी गाण्या-नाटकातल्या, चित्रातल्या एखाद्या गोष्टीमागचे विज्ञान सांगायचे. ढोलकीची एक बाजू घुमते आणि दुसरी कडाडते ती का, एवढा एकच विषय घेतला तरी कला आणि शास्त्र एकाच भाषणात बसतात. एल्फिन्स्टनमधल्या त्या पोरांनी १८४८ ला हेच केले होते.

यंदा स्पर्धेची नावे काढताना शेवटच्या बाकावरच्या अबोल मुलाकडे एकदा बघा. त्याच्याकडे सांगण्यासारखे काय आहे, हे त्याला विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. वेळ लागेल. निफाडच्या त्या मुलालाही लागला होता.

तुमच्या शाळेत हे करून पाहिलेत तर मुलांनी कोणते विषय निवडले ते आपल्या शिक्षण परिषदेत जरूर सांगा. इतर शाळांनाही त्यातून विषय मिळतील.